थंडीत क्रोशाला बसताना

चि. मुक्ता हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. थंडीतल्या लांबलेल्या संध्याकाळी क्रोशाचे विणकाम शिकण्यात घालवायच्या, असे तू ठरवलेस हे वाचून फार बरे वाटले. मात्र पहिलाच घाट तू स्वेटरचा घातला आहेस, तो या हिवाळ्यापुरता बाजूला ठेवावास असे मला वाटते.

स्वेटर अंगाला बसावा लागतो आणि त्याचे बसणे हाताच्या ताणावर अवलंबून असते. नमुन्यात १० सेंटिमीटरमध्ये १६ टाके सांगितलेले असताना तुझा हात घट्ट असल्यामुळे तेवढ्याच जागेत १८ टाके मावले, तर १०० सेंटिमीटर घेराचा स्वेटर ८९ सेंटिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. शिवाय नवशिक्याचा हात रोज सारखा चालत नाही. गारठलेली बोटे लोकर आवळून धरतात आणि ऊब आली की तीच सैल पडतात, त्यामुळे कोणत्या संध्याकाळी थंडी कडक होती ते स्वेटरच्या पाठीवर ओळीओळीने वाचता येते.

त्यापेक्षा चौकोनांचे पांघरूण घे. त्यात चौकोन थोडा लहानमोठा झाला तरी जोडताना सांभाळून घेता येतो. चार साखळ्यांचे (एकातून एक काढलेल्या फासांचे) कडे करून त्यात तीन-तीन खांबांचे (म्हणजे उंच टाक्यांचे) चार गट घालायचे आणि प्रत्येक दोन गटांमध्ये दोन साखळ्या सोडायच्या. या सुटलेल्या जागा म्हणजेच चौकोनाचे कोपरे. पुढच्या प्रत्येक फेरीत कोपऱ्यात दोन गट आणि बाजूंवरच्या फटींत एकेक गट घालत गेले की चौकोन आपोआप वाढत जातो. १२ सेंटिमीटरचे १२० चौकोन, दहा आडवे आणि बारा उभे, असे जोडलेस तर १२० बाय १४४ सेंटिमीटरचे, मांडीवर घेऊन बसण्याजोगे पांघरूण होते. एक धोका मात्र सांगून ठेवते. चार रंगांच्या एका चौकोनाला लोकरीची आठ टोके सुटतात, म्हणजे सगळी मिळून ९६०! ती शेवटी एकदम बसवू म्हणणाऱ्यांची पांघरुणे कपाटातच राहतात, म्हणून चौकोन संपला की लगेच बोथट सुईने त्याची टोके आत ओवून टाकावीत.

लोकर मध्यम जाडीची आणि फिक्या रंगाची घे, कारण दिव्याच्या उजेडात काळ्या किंवा गर्द निळ्या लोकरीतला टाका अनुभवी डोळ्यांनाही नीट दिसत नाही. क्रोशाची सुई ५ मिलिमीटरची पुरे. धातूची सुई थंडीत बोटांना गार लागते, तेव्हा बांबूची मिळाली तर अधिक चांगले. वेष्टनावरचा लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक) पाहून एका रंगाच्या सगळ्या गुंड्या एकाच वेळी घ्याव्यात, एरवी रंगाची छटा बदलते. ॲक्रिलिकच्या विणकामावर इस्त्री फिरवू नकोस आणि खरी लोकर गरम पाण्यात चोळू नकोस, कारण ती आटून घट्ट होते.

क्रोशात एका वेळी एकच फास सुईवर उघडा असतो, हे मला या कामाचे सर्वांत मोठे सुख वाटते. दारावरची घंटा वाजली की तो फास जरा ओढून मोठा करावा आणि खुशाल उठावे. चुकले तर उसवणेही तितकेच सोपे, त्यामुळे उसवण्याचा कंटाळा करू नकोस.

पांघरुणाचा कंटाळा आला तर मध्येच एक टोपी कर. मुक्या खांबांची (म्हणजे खांबापेक्षा बुटक्या टाक्यांची) गोल चकती ६, १२, १८, २४ अशी दर फेरीला सहा टाके वाढवत विणली की सपाट राहते; वाढ कमी पडली तर ती वाटीसारखी वळते आणि जास्त झाली तर तिला झालर येते. (ती झालर अगदीच वाया गेली असे समजू नये: डायना तायमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली अशाच सतत वाढत्या टाक्यांनी हायपरबोलिक, म्हणजे झालरीसारख्या वळत जाणाऱ्या पृष्ठभागांच्या, भूमितीची प्रतले विणून विद्यार्थ्यांच्या हातात दिली.) डोक्याचा घेर ५६ सेंटिमीटर असेल, तर चकतीचा व्यास १७ सेंटिमीटर झाला की वाढ थांबवायची आणि पुढे सरळ विणत जायचे, म्हणजे टोपी डोक्याला नीट धरून बसते.

पहिला चौकोन झाला की शेजारी मोजपट्टी ठेवून त्याचा फोटो पाठव, म्हणजे तुझा हात घट्ट आहे की सैल ते मला कळेल आणि सुई बदलायची का ते सांगता येईल.

तुझी,
आई