आधी ऊन बघ, मग रोपं आण

गिरगाव

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

रविवारी नर्सरीत जाऊन गॅलरी भरून टाकायची म्हणालास. बाळा, एक आठवडा थांब. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठला, बाराला आणि चारला गॅलरीत उभा राहा, ऊन जिथवर येतंय तिथे खडूने रेघ ओढ. त्या रेघांवरून रोपं ठरव.

हे मी गुलाबापायी शिकले. आपली गॅलरी पूर्वेची, दहानंतर ऊन जातं. तीनदा गुलाब आणला. पानं फुटली, कळी एकदाही धरली नाही. मग शेजारच्या काकूंनी ब्रह्मकमळाचं पान दिलं. निवडुंगाच्या कुळातलं ते, रानात झाडांच्या आडोशाने वाढणारं, त्याला आपलं कोवळं ऊन मानवलं. तिसऱ्या पावसाळ्यात फुललं, आठवतंय? रात्री अकराला अख्खा मजला आपल्या दारात, तू चौथीत, झोपेतून उठवून आणलेला, आणि तो वास! सकाळी फूल मान टाकून लोंबत होतं तर केवढा रडलास.

तुझी गॅलरी पश्चिमेची, त्यात नववा मजला. दुपारचं ऊन कडक, वारा माती सुकवणारा. तिथे जास्वंद, मोगरा, सदाफुली लाव. मोगरा जानेवारीत छाट, फुलं नव्या फुटव्यालाच येतात. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला तर तो मिलीबग. आधी पुसून काढ, मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल नि थोडा साबण घालून संध्याकाळी फवार. उंच झाडं भिंतीशी, बुटकी पुढे. कठड्यावर मात्र एकही कुंडी नको. 12 इंची मातीची कुंडी भिजली की 20 किलोच्या आसपास जाते, आणि खाली मुलं खेळतात. ताटल्यांतलं पाणी दर आठवड्याला ओतून त्या कोरड्या कर. डेंग्यूचे डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात होतात.

स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेची. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबईत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो, पण पावसाळा लागला की बहुतेक ढगच असतात. एरवी तिथे नुसता छान उजेड. ती जागा ब्रह्मकमळाला ठेव. मी पान कापून सावलीत ठेवलंय, कापलेली कड सुकली की लावता येईल. शनिवारी येऊन घेऊन जा. लोकलमध्ये पिशवी मांडीवर धर, वर रॅकवर टाकू नकोस.

तुझी,
आई