मेथीच्या जुडीखालचा कॅन

दादा,

तुमचं नाव मला माहीत नाही. पावतीवर शोधलं, तर तिथे नुसती सही, तीही लागेना. सकाळच्या पाळीला लॅबच्या काउंटरवर असता, चष्म्याला दोरी लावता, एवढीच तुमची ओळख. पंचवटीहून आलेल्या, कापडी पिशवी पोटाशी धरून बसलेल्या एक बाई आठवतात का? ती माझी आई.

तीन वर्षं तिला झटके येत होते. बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, भाजी घ्यायला वाकली की डोकं फुटायला यायचं, छातीत धडधड, अंगाला दरदरून घाम, चेहरा पांढराफटक. अर्ध्या तासात सगळं ओसरायचं. दवाखान्यात पोचेपर्यंत बीपी जवळपास नॉर्मल, मग ऐकायचं तेच: टेन्शन घेता तुम्ही, पाळी जायचं वय आहे. एका मोठ्या डॉक्टरांनी तर तिच्यादेखत मला विचारलं, घरात सुनेशी काही वाजतं का? आईने मान खाली घातली ती घरी येईपर्यंत वर केली नाही. झटका चालू असताना बीपी मोजावं, असं एकालाही सुचलं नाही. धडधडीसाठी म्हणून एकांनी गोळी दिली, त्यावर ती आणखीच खालावली. या आजारात ती गोळी एकटी देणं किती घातक, हे नंतर कळलं. तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी एका तरुण डॉक्टर बाईंनी ऐन झटक्यात पट्टा बांधला. वरचा आकडा २२०. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली अॅड्रिनल ग्रंथी असते, जेमतेम चार-पाच ग्रॅमची. संकटात अंगात बळ आणणारं अॅड्रिनलिन तिथे तयार होतं. तिथे फिओक्रोमोसायटोमाची गाठ झाली, की माणूस निवांत मेथी निवडत बसलेला असतानाही ते रक्तात सुटतं. आमच्या घरातली भांडणं शोधली गेली तीन वर्षं, आणि दुखणं पोटात बसलेलं!

तपासणीसाठी चोवीस तासांची लघवी साठवायची होती. आधीच्या एका लॅबमध्ये नीट कोणी समजावलंच नाही, नमुना वाया गेला. वर भरल्या हॉलमध्ये हाक आली, "युरीनवाल्या बाई कोण?" त्या दिवशी आई म्हणाली, मला नाही करायची कुठली टेस्ट.

तुम्ही कॅन देण्याआधी गोळ्यांचा कागद वाचलात. डोकेदुखीसाठी रात्रीची जी गोळी चालू होती, तिने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, म्हणून डॉक्टर बाईंना स्वतः फोन लावलात आणि आम्हाला दोन आठवड्यांनी यायला सांगितलंत. त्या दिवशीचे पैसे सोडलेत.

पण मला लिहायचंय ते कॅन परत आणला त्या सकाळचं. आईने त्याला जुन्या पातळाचा तुकडा गुंडाळला होता, आणि पिशवीत वर मेथीची जुडी ठेवली होती. कोणाला दिसू नये म्हणून. रिक्षात पूर्ण वेळ जुडीवर हात. रांगेत नंबर आला तरी पिशवी पुढे करेना. तुम्ही काउंटरच्या मागून उठून बाहेर आलात. जुडी अलगद काढून तिच्या हातात दिलीत, आणि तो कॅन दोन्ही हातांनी उचललात, भरलेली कळशी उचलावी तसा. हळूच विचारलंत, "काकू, एकही वेळ चुकली नाही ना? मग अवघड काम तुम्हीच केलंत." बस्स. आई तीन वर्षांत पहिल्यांदा कोणासमोर ताठ बसली.

रिपोर्टमध्ये मेटानेफ्रिन, म्हणजे अॅड्रिनलिनपासून शरीरात बनणारा पदार्थ, कितीतरी पट वाढलेलं निघालं, स्कॅनमध्ये उजवीकडे गाठ. ऑपरेशनआधी दोन आठवडे वेगळ्या गोळ्या, भरपूर पाणी, आणि चक्क मीठ खायला सांगितलं. वर्षानुवर्षं अळणी जेवलेली आई लोणच्याची फोड बघून रडली. गाठीसकट ती ग्रंथी काढली. दुसऱ्या मूत्रपिंडावरची ग्रंथी आता एकटी सगळं काम सांभाळते. सहा महिने झाले, एकही झटका नाही.

मी नंतर वाचलं, अशी गाठ पहिल्यांदा १९२६ साली काढली गेली, स्वित्झर्लंडमध्ये सेझार रू यांनी आणि अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी. त्यांची नावं इतिहासात आहेत, असायलाच हवीत. पण माझी आई त्या ऑपरेशन टेबलापर्यंत पोचली ती तुम्ही तिची लाज राखलीत म्हणून. दुसऱ्याच्या शरीराची घाण न वाटणारी माणसं या नाशकात आहेत, कुठल्या पाटीवर त्यांची नावं नसतात, आणि त्यांच्या भरवशावर किती घरं उभी आहेत!

गेल्या बुधवारी फेरतपासणीचा कॅन द्यायला आम्ही आलो. या वेळी वर काही झाकलेलं नव्हतं. मेथीची जुडी वेगळ्या पिशवीत होती, खास तुमच्यासाठी, आईने बाजारातून वाकून, स्वतः निवडून आणलेली. तुम्ही सुट्टीवर होता. काउंटरवरच्या ताईंकडे ठेवली आहे. मिळाली का?

पंचवटीतल्या त्या काकूंची मुलगी