विकतच्याला घरच्या नानकटाईची सर नाही

संपादक महोदय, स.न.वि.वि.

पूर्वी दिवाळी आली की मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बायका बेकरीत जायच्या आणि नानकटाई भाजून डबे भरून आणायच्या, आता घरोघरी ओटीजी म्हणजे छोटे विजेचे ओव्हन आलेत पण करणारे कमीच, फोन केला की केक दारात. मला वाटतं लोकांनी घरी भाजायला सुरुवात करावी, खरंच!

ओव्हन नसला तरी अडत नाही. जुन्या कुकरची शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला मीठ, त्यावर स्टँड, मंद गॅसवर केक मस्त होतो. अंडं नको असेल तर दही आणि खायचा सोडा, फक्त सोडा घातल्यावर मिश्रण ताटकळत ठेवायचं नाही, बुडबुडे निघून गेले की केक बसतो. आणि आपल्या ज्वारीची बिस्किटं तर करून बघाच! ज्वारीत ग्लुटेन नसतं म्हणून ती जरा ठिसूळ होतात, मग मी थोडी कणीक घालते, वरून शेंगांचं भरड कूट दाबते, कडा तांबूस झाल्या आणि शेंगा भाजल्याचा वास सुटला की लगेच बाहेर. गरम असताना मऊच लागतात, गार झाल्यावर खुटखुटीत होतात.

आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येतात तेव्हा मी हाच डबा पुढे करते, शेजारच्या काकू तर आता स्वतःचा रिकामा डबा आधीच आणून ठेवतात. उन्हाळ्यात मात्र पहाटेच भाजा, दुपारी आपल्याकडे स्वयंपाकघरात उभं राहवत नाही.

एक वाचक, सोलापूर