सूचना : २४ सप्टेंबर, हेरिटेज डे

जोहान्सबर्गमधल्या सर्व सभासदांना नमस्कार,

हेरिटेज डेच्या, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या वारसा दिनाच्या सुट्टीला आपण शेजारच्या झुलू, सोथो आणि आफ्रिकान्स कुटुंबांसोबत जमतोय. सकाळी ११ वाजता, वसाहतीच्या हिरवळीवर.

• नऊवारी, धोतर, फेटा, घरात जे असेल ते नेसून या.
• प्रत्येक घरातून एक मराठी पदार्थ. गेल्या वर्षी शेजारच्या आजींनी पुरणपोळी चाकालाकासोबत (इथलं भाज्यांचं तिखट तोंडीलावणं) खाल्ली आणि आणखी दोन घरी नेल्या. पोळ्या जास्तच करा.
• ब्रायला (निखाऱ्यांवर जाळीत भाजण्याचा इथला बेत) शाकाहारी जाळी वेगळी असेल. तिच्यावर मांस ठेवू नये.

दक्षिण आफ्रिकेचं राष्ट्रगीत पाच भाषांत आहे: खोसा, झुलू, सोथो, आफ्रिकान्स, इंग्रजी. मुलांना शाळेमुळे येतं. मोठ्यांनीही या वेळी पाठ करून यावं, ही कळकळीची विनंती.

नावं २० तारखेपर्यंत चिटणीसांना कळवा.