किल्ली सोडताना फुरफुरणारी पद्मिनी: मिस्त्रीकाकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधूनही प्रीमियर पद्मिनी गेली. गाड्या गेल्या तशी त्यांचे आजार ओळखणारी माणसंही पांगली. म्हणून तुमचे आभार चारचौघांत मानायचे आहेत. तुम्ही गाडी सुरू करून दिलीत, आणि ती कशी तपासायची हेही हातचं न राखता दाखवलंत. पॉईंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कार्बुरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) असलेली कुठलीही जुनी गाडी सांभाळणाऱ्याच्या ते कामी येईल.

गाडीचा सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) फिरत होता, पण इंजिन पेट घेत नव्हतं. सगळ्यांचा संशय पेट्रोलवर. कार्बुरेटर दोनदा धुऊन झाला होता, पंपही नवा बसला होता. तुम्ही बॉनेट उघडलंच नाहीत. आधी आत बसून तीनदा सेल्फ मारलात आणि नुसतं ऐकलंत. सेल्फ फिरताना इंजिन मुकं, पण किल्ली सोडली की त्याच क्षणी एकदा फुरफुरतं. एवढ्यावरून तुम्ही म्हणालात, "पेट्रोल येतंय. सेल्फ फिरतो तेव्हा कॉईल उपाशी राहते."

कॉईल म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग. कारणही लगेच सांगितलंत. सेल्फ बॅटरीतून शंभराच्या वर अँपिअर ओढतो. वाटेत कुठे गंज असेल तर तेवढ्या करंटला तिथेच व्होल्टेज गळतं आणि कॉईलला उरलंसुरलं मिळतं. किल्ली सोडताच सेल्फची ओढ थांबते, कॉईलला पूर्ण दाब मिळतो, पण तोवर इंजिनाची फिरकी संपत आलेली असते.

मग मीटर लावलात. उभ्या गाडीत बॅटरी १२.५ व्होल्ट. सेल्फ मारताना बॅटरीच्या शिशाच्या टोकांवर १०.६, म्हणजे बॅटरी चांगली (९.६च्या खाली गेली असती तर तिथेच थांबायचं होतं). पण त्याच वेळी कॉईलचा प्लस आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यात फक्त ८.४. मधले २.२ व्होल्ट शोधायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं ब्लॉकवर, आणि पुन्हा सेल्फ: १.९. तिथे ०.३च्या वर आकडा नको. बाकीचे ०.३ किल्लीच्या स्विचमध्ये आणि वायरीत जात होते, ते जुन्या गाडीत चालून जातं.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून त्याची अर्थिंग बॉडीला जोडणारी जाळीची पट्टी हाच एक धड रस्ता. ती आतून हिरवी पडली होती. तुम्ही चोकच्या केबलला हात लावायला सांगितलात, तर ती कोमट! पट्टीतून वाट न मिळालेला करंट चोकच्या तारेतून परतत होता. ही खूण प्रत्येकाने लक्षात ठेवावी, कारण अशी केबल तापून तिचं आवरण वितळल्याचीही उदाहरणं आहेत. नवी पट्टी लावताना दोन्ही टोकांखालचा रंग पत्रा दिसेपर्यंत खरवडलात, दातेरी वॉशर टाकलात, वरून पेट्रोलियम जेली. पुन्हा मोजलं तेव्हा ०.२.

तरीही तुम्ही तिथे थांबला नाहीत, याबद्दल विशेष आभार. कमी व्होल्टेजवर रेटून सेल्फ मारलेल्या गाडीत पॉईंटही तपासायचे, हे तुमच्यामुळे कळलं. टेस्ट लँप कॉईलच्या मायनसवर लावून सेल्फ मारायचा. लँप लुकलुकला तर पॉईंट उघडझाप करतायत. सतत पेटून राहिला तर ते टेकत नाहीत किंवा काजळलेत. पेटलाच नाही आणि प्लसवर मात्र करंट आहे, तर पॉईंट किंवा कंडेन्सर (पॉईंटवरची ठिणगी शोषणारा छोटा भाग) अर्थ झालाय, म्हणजे थेट बॉडीला टेकलाय, नाहीतर कॉईल आतून तुटली. पॉईंट टेकलेले असताना तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बारीक काचपेपर मारून कागदाने पुसायचे, आणि कॅमच्या उंचवट्यावर फिलर गेजने साधारण ०.४ मिलिमीटर गॅप ठेवायची. पॉईंट टेकलेले असताना किल्ली ऑन ठेवून चहाला जायचं नाही, कॉईल जळते. ठिणगी निळी आणि कडकडीत हवी. पिवळी, बारीक ठिणगी आणि पॉईंटवर चरचर दिसली तर आधी कंडेन्सर बदलायचा. तो स्वस्त असतो आणि फसवतोही खूप.

पेट्रोलचा संशय फेडायची तुमची रीतही इथे लिहून ठेवतो. आठ-दहा सेकंद सेल्फ मारून एक प्लग काढायचा. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, करंट नाही किंवा ओव्हर झालंय, म्हणजे पेट्रोल जास्त गेलंय. कोरडा असेल तर कार्बुरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडायची, कॉईलची मधली वायर काढून अर्थ करायची आणि सेल्फ मारायचा. जवळ ठिणगी किंवा विडी नको. सेल्फ फिरताना ठरावीक अंतराने ठसठशीत पिचकारी आली तर पंप ठीक, मग कार्बुरेटरमधल्या फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पिन चिकटलीय का ते बघायचं. पिचकारी नाही, तर पंपाच्या मागची नळी सोडून स्वच्छ पेट्रोलच्या डब्यात बुडवायची. आता चाललं तर दोष टाकीकडच्या पाइपात किंवा टाकीच्या झाकणाच्या बुजलेल्या भोकात. मागच्या बाजूची तडकलेली रबरी नळी बाहेर थेंबही गाळत नाही, पण आत हवा ओढते, म्हणून ती नजरेतून सुटते.

ऑइल मोजायच्या पट्टीला पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली तर पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटलेला असू शकतो. अशा वेळी इंजिन फिरवायचंच नाही, आधी ऑइल काढायचं. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर लवकर फुगतं आणि चिरतं, म्हणून तुम्ही इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या मीटरभर आणायला सांगितल्यात. त्या बसल्या. तीन-चार महिने उभ्या गाडीतलं शिळं पेट्रोल काढून टाकायचं, हेही पाळतो आहोत.

आणि काका, नवा पंप काढून तुम्ही जुनाच परत बसवलात, "ह्याचा काही गुन्हा नव्हता" म्हणालात. तो अजून बिनतक्रार चालतोय. नवा पंप खोक्यात घालून तुमच्या गॅरेजवर पाठवतो आहोत. ज्याच्या पद्मिनीचा पंप खरंच गेला असेल त्याला लावा, पैसे घेऊ नका.

आपले ऋणी,
जुन्या पद्मिनी सांभाळणारे आम्ही काही जण