रविवारच्या फोननंतर

आई, बाबा, शालोम.

रविवारी बाबांनी मधेच फोन ठेवला तेव्हापासून धड झोप नाहीये, म्हणून लिहितेय, फोनवर आपण दोघंही लगेच चढतो.

बाबा, मी गाझातल्या लोकांची बाजू घेतली तर तुम्ही म्हणालात मी आपल्या माणसांवर उलटले. ७ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलमध्ये मावशीच्या अश्दोदला सायरन वाजत होते, तिथे शेल्टर गाठायला ४५ सेकंद मिळतात, मावशी ते गुडघे घेऊन कशी जात असेल या विचारानेच माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटी तिचा व्हॉइस मेसेज आला, "आत पोचले गो बाय", आणि मी किचनच्या फरशीवर बसून ढसाढसा रडले. त्या दिवशी गाझातून आलेल्या हमासच्या लोकांनी बाराशेच्या आसपास माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. यातलं काही विसरले नाहीये. इथे न्यूयॉर्कला एका मोर्चात कोणीतरी त्या दिवसाचं समर्थन करायला लागलं तर मी तिथून सरळ घरी आले.

पण गाझातली पोरं पण दिसतात ना हो. २०२५ च्या मार्चपासून अडीच महिने इस्रायलने अन्नाचा ट्रकच आत सोडला नाही, हमासने केलं त्यात तान्ह्या बाळाचा काय दोष? आणि हे सगळं ज्यूंच्या रक्षणासाठी, म्हणजे माझ्याही नावाने चाललंय, ते मला गिळवत नाही.

पेसाहच्या, आपण मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या रात्री ठाण्याच्या घरी काळ्या मनुकांचं सरबत असायचं, मिसरवर आलेल्या दहा संकटांची नावं घेताना तुम्ही माझं बोट बुडवून एकेक थेंब ताटलीत काढायला लावायचात. मी विचारलं होतं का सांडायचं, तर तुम्ही म्हणालात, आपण सुटलो पण मिसरची पोरं मेली, म्हणून आपला पेला काठोकाठ नको. तुम्हीच शिकवलंत बाबा हे, मी दुसरीकडून नाही आणलं.

आणि १९६४ ला आपल्याच बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं होतं ना, तिथले सरकारमान्य धर्मगुरू लग्नाच्या वेळी आपल्या लोकांची पणजी-खापरपणजीपर्यंत चौकशी करायचे म्हणून? ते तिथल्या धर्मसत्तेशीच भांडले, मग ते काय इस्रायलचे दुश्मन झाले?

तुम्हाला पटेलच असं नाही. पेसाहचं तिकीट काढलंय, आई मनुका जास्त भिजत घाल. आणि मावशीला यातलं काही सांगू नकोस, शुक्रवारी शब्बाथ, आपला विसाव्याचा वार, लागायच्या आधी मीच तिला फोन करते.

तुमची,
बाय