मेथीसाठी सहल दोनदा काढू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की मराठवाड्यातल्या शाळांच्या सहली वेरूळ, दौलताबाद, पैठण, औंढ्याकडे निघतात. त्या निघोतच. आमचं मागणं वेगळं आहे: सहावी ते आठवीच्या वर्गांना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा शेतावर दोन फेऱ्यांची परवानगी एकाच अर्जावर मिळावी. पहिली फेरी पेरायला, दुसरी पाच आठवड्यांनी भाजी उपटून रांधायला. एका फेरीत मुलं शेत नुसतं बघतात आणि लक्षात राहतो तो हुरडा.

पीक मेथीच घ्यावं. ती ३०-३५ दिवसांत निघते आणि निवडायला विळी-सुरी लागत नाही. ४० मुलांचे चार गट, गटाला ३ मीटर लांब, १ मीटर रुंद सपाट वाफा. वाफ्याला १० ग्रॅम बी पुरे. रात्रभर भिजवलेलं बी २० सेंटीमीटरवरच्या ओळींत टाकावं, एक-दीड सेंटीमीटरपेक्षा खोल नाही. बिघडतं ते इथंच. मुलं हौसेनं खोल पुरतात, काळी माती वर खपली धरते आणि कोंब आतच अडकतो. पाटानं पाणी सोडलं तर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. उगवेपर्यंत झारीच बरी. जमीन वाफशावर (मशागतीला बेताची ओल) नसेल तर फेरी चार दिवस पुढं न्यावी, कारण ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली की ढेकळंच निघतात. म्हणून परवानगीत तारीख नको, आठवडा लिहा.

शाळेतच परसबाग करा, असं कुणी म्हणेल. केंद्र सरकारच्या २०१९ च्या सूचनाही आहेत, आणि पाणी असेल तिथं ती करावीच. पण २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं, असा हा मुलूख. टाकीतलं पाणी आधी पिण्याला, मग भांड्यांना. वाफ्याची पाळी शेवटी. त्यात दिवाळीच्या सुट्टीत राहिलेला वाफाही वाळतो.

एका बाबतीत मात्र सूट देऊ नका. डिसेंबरात हरभऱ्यावर घाटेअळीची फवारणी चालू असते. शेजारच्या रानातलं औषध वाऱ्यानं मेथीवर येतं, शिवाय मुलं येताजाता घाटे तोडून तोंडात टाकतात. कुठलं औषध कधी मारलं, हे शेतमालकानं लिहून द्यावं. फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे डब्यावर दिलेले दिवस भरले नसतील तर त्या मेथीची भाजी करू नये.

दुसऱ्या फेरीला मेथी-मूगडाळ आणि ज्वारीची भाकरी. पोषण आहाराच्या उच्च प्राथमिकच्या मापानं मुलामागे ७५ ग्रॅम भाजी, ३० ग्रॅम डाळ, ७.५ ग्रॅम तेल. म्हणजे ४० जणांना निवडलेली मेथी ३ किलो, डाळ १.२ किलो, तेल ३०० ग्रॅम. मुळं-काड्या गेल्यावर जेमतेम निम्मी भाजी उरते, त्यामुळे चारही वाफे लागतात. डाळ अर्धा तास भिजवावी. मीठ मेथी आळल्यावरच घालावं. आधी पातेलंभर पाल्याच्या अंदाजानं घातलं की भाजी खारट होते.

भाकरीला पीठ ४ किलो, त्याच आठवड्यात दळलेलं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. ज्वारीत ग्लूटेन (गव्हाच्या कणकेला ताण देणारं प्रथिन) नाही, म्हणून नवख्या हातांसाठी उकड काढावी: उकळत्या पाण्यात पीठ ढवळायचं, पाच मिनिटं झाकायचं, कोमट असतानाच मळायचं. मुलामागे तळहाताएवढ्या दोन भाकरी. मोठी थापायला गेलं की उचलताना तुटते. तव्यावर टाकताच वरून पाण्याचा हात फिरवावा. उशीर झाला तर भेगा पडतात, वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही. चार चुली, प्रत्येकीपाशी एक मोठं माणूस, ओढण्या खोचलेल्या. भाकऱ्या मुलग्यांनीही थापायच्या, हे पत्रकात लिहूनच द्या. नाही लिहिलं तर काय होतं, ते आपण जाणता.

हे तास कार्यानुभवात धरावेत आणि एसटीची शैक्षणिक सहलीची ५० टक्के सवलत दोन्ही फेऱ्यांना लागू करावी. अर्ज दिवाळीच्या सुट्टीआधी मंजूर व्हायला हवा. डिसेंबरात पेरलेली मेथी थंडीत रेंगाळते आणि दुसरी फेरी नेमकी गॅदरिंगच्या धांदलीत येते.

आपले,
मराठवाड्यातील परसबाग व शालेय पोषण कार्यकर्ते